चाँद दिसायच्या आधी: रमजानची तयारी घरात कशी करायची

शाबान म्हणजे रमजानच्या आधीचा महिना. त्याच्या एकोणतीस तारखेला मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, गच्चीवर माणसं जमतात. कोर दिसली की फोनवर फोन सुरू होतात, मशिदीतून घोषणा होते, पोरं गल्लीत ओरडत सुटतात. आणि नेमकं त्याच वेळी कितीतरी घरांत बाईच्या पोटात गोळा येतो. बेसन संपलंय, जास्तीचं दूध सांगितलेलं नाही, सासूबाईंच्या गोळ्या आता कधी द्यायच्या ते कुणी विचारलेलं नाही, आणि मागच्या रमजानचे सहा रोजे अजून तसेच बाकी आहेत.

माझी पहिली काही वर्षं अशीच गेली. माझं माहेर चिपळूणजवळचं, सासर साताऱ्याचं. मी शाळेत शिकवते, घरात आम्ही सात माणसं. गेली बारा-तेरा वर्षं शाबानच्याही आधीचा रजब महिना लागला की मी एक वही काढते आणि तयारी लिहून ठेवत जाते. ती वही समोर ठेवूनच हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. ही तयारी दस्तरखानावर (जेवायला अंथरतात त्या कापडावर) चार पदार्थ वाढवण्यासाठी नाही. रोजा सोडण्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं दुआ कबूल होण्याची मानली जातात, आणि तेव्हा घरातली बाई तेलाच्या कढईसमोर उभी असते. तिलाही त्या वेळी हात पसरून शांतपणे बसता आलं पाहिजे. खाली जे काही सांगितलंय, ते सगळं त्या वीस मिनिटांसाठी आहे.

आधी कॅलेंडर

हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे २०२४ साली पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला. म्हणजे आता काही वर्षं रमजान थंडीकडे चाललाय. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा दोनदा रमजान सुरू होईल. महिना कुठल्या ऋतूत येतोय यावर अर्धी तयारी ठरते. मेमधल्या रोज्यांना पाण्याचा विचार जास्त करावा लागायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस लहान असतो, पण बोर्डाच्या परीक्षा आणि नोकरदारांची वर्षअखेर त्यात येते.

मार्चच्या सुरुवातीला आमच्याकडे सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण, साडेपाचच्या पुढेमागे संपते आणि इफ्तार पावणेसातच्या आसपास. रोजा साधारण तेरा तासांचा. वेळापत्रक मात्र आपल्याच गावाचं घ्या. मोबाइलवर कुणी पाठवलेलं दुसऱ्या शहराचं चालत नाही. नागपूर आणि मुंबई यांच्या सूर्यास्तात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. नागपूरचं वेळापत्रक बघून मुंबईत रोजा सोडलात तर सूर्य अजून वर असेल. गावच्या जमातीने छापलेलं कार्ड फ्रिजवर लावा, आणि ते हनफी आहे की शाफई (इस्लामी धर्मनियमांच्या या दोन परंपरा) तेही बघून घ्या, कारण असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, वेळेत दोन्हींत फरक असतो.

दीड-दोन महिने आधी डॉक्टर

ज्यांच्या घरात मधुमेह, रक्तदाब, किडनी, हृदय यांपैकी कशाचाही रुग्ण आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करावं. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने २०२१ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी करून घ्या, असं सांगितलंय. म्हणजे साधारण रजब महिन्यात. गोळ्यांचे डोस बदलले तर ते सोसतात का, हे बघायला तेवढा वेळ लागतो.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या. सकाळची गोळी आता इफ्तारला घ्यायची का? सहरीचा डोस कमी करायचा का? इन्सुलिनचं काय? लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी किती वाजता? थायरॉइडची उपाशीपोटी घ्यायची गोळी कधी? आणि सरळ विचारा की मी रोजा धरावा का. बरेच लोक हा प्रश्नच विचारत नाहीत, कारण उत्तर नको असतं. इन्सुलिनवर असलेला टाइप वनचा रुग्ण, डायलिसिसवर असलेला माणूस, साखर वाढलेली गरोदर बाई यांना बहुतेक वेळा नको असंच सांगितलं जातं. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुराणातच, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. ती अल्लाहने दिलेली सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, तेही सांगते. एका रमजानात, सातव्या रोज्याला, माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणतो, संध्याकाळी खुर्चीत बसून तसबीह (जपमाळ) ओढत होत्या. मी खजूर काढायला गेले तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम दिसला. मार्चची संध्याकाळ, पंखा सुरू, आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. हात हातात घेतला तर थंड आणि थरथरणारा. मशीन लावलं, साखर ६४. अम्मी म्हणाल्या, "आता चाळीस मिनिटं तर राहिलीत गं, होईल की." त्या दिवशी सहरीला त्यांनी नेहमीची सकाळची गोळी नेहमीच्याच डोसमध्ये घेतली होती. कुणी बदलली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी साखरेचं पाणी केलं, त्या तोंड फिरवून बसल्या. शेवटी यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "अम्मी, अल्लाहनेच सांगितलंय, स्वतःला संकटात घालू नका." तेव्हा त्यांनी डोळ्यांत पाणी आणून तो ग्लास घेतला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ९८.

डायबेटिस फेडरेशनच्या त्या सूचनांमध्ये आकडे स्पष्ट दिलेले आहेत: साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, इफ्तारला किती वेळ राहिलाय ते बघायचं नाही. हे दोन आकडे आता आमच्या फ्रिजवर वेळापत्रकाच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. हा गैरसमज अजून फार आहे, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना हे आधीच, रमजान लागायच्या आत, एखाद्या आलिमांच्या (धर्माच्या जाणकारांच्या) तोंडून ऐकवा. इनहेलरबद्दल मात्र उलमांची मतं वेगवेगळी आहेत. दम्याच्या रुग्णाने आपल्या मुफ्तींना आधी विचारून ठेवावं. श्वास अडकल्यावर मसला (धर्माचा नियम) शोधत बसायचं नसतं, तेव्हा पंप घ्यायचा असतो.

बाकी राहिलेले रोजे

मासिक पाळीत रोजा धरत नाहीत, नंतर पुरा करतात. त्या दिवसांच्या नमाजा मात्र पुऱ्या कराव्या लागत नाहीत. हे प्रत्येक मुलीला माहीत असतं, पण हिशेब ठेवणाऱ्या थोड्या. वर्षाला सहा-सात रोजे, बाळंतपणाच्या वर्षी पूर्ण महिना, असे करत करत आकडा डोक्यावर बसतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली रिवायत आहे की त्यांना आपले राहिलेले रोजे शाबानमध्येच पुरे करता यायचे. त्यामुळे शाबान आला आणि रोजे बाकी आहेत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, पण हा महिनाही हातचा जाऊ देऊ नका.

शाबानमधले सोमवार आणि गुरुवार धरले तर आठ-नऊ रोजे होतात. जुन्या वर्षांचा अंदाजे आकडा काढून वहीत चौकोन आखा, एक रोजा झाला की एक चौकोन भरा. माझ्या दोन बाळंतपणांचे रोजे असेच तीन वर्षांत फिटले. या कजा, म्हणजे राहिलेल्या, रोज्यांचा दुसरा फायदा शरीराला होतो. पोटाला सवय लागते, आणि पहिल्या रमजानी रोज्याला डोकं धरत नाही.

इथे मसलकीचा (परंपरेचा) फरक माझ्या माहेर-सासरमुळे मला चांगला कळला. कोकणातले आम्ही शाफई. आमच्यात सवड असूनही कजा पुढच्या रमजानपर्यंत ढकलली, तर रोज्याबरोबर फिदयाही, म्हणजे गरजूला अन्न, द्यावा लागतो. सासरी हनफी. त्यांच्यात उशीर झाला तरी फक्त रोजा. नियत म्हणजे रोज्याचा मनातला संकल्प, त्याचंही तसंच. शाफईंना प्रत्येक रोज्याची नियत रात्रीच, फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) आत करावी लागते, हनफींना रमजानच्या रोज्यासाठी दुपार व्हायच्या आधीपर्यंत मुभा आहे. लग्न होऊन वेगळ्या मसलकीच्या घरात गेलेल्या मुलींनी हे आधी विचारून घ्यावं. मी अजून रात्री झोपतानाच नियत करते, त्यात दोन्हीकडचं साधतं.

जे कायमचे आजारी किंवा इतके थकलेले आहेत की पुढेही रोजा होणार नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक रोज्यामागे एका गरजूचं अन्न म्हणजे फिदया द्यायचा असतो. किती, ते आपल्या मशिदीच्या इमामांना विचारून रक्कम बाजूला काढून ठेवा.

जकात रमजानच्या आधी दिली तर

बहुतेक लोक जकात, म्हणजे संपत्तीतून दरवर्षी द्यायचं सक्तीचं दान, रमजानात काढतात, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत. सवाबाच्या (पुण्याच्या) आशेने काढतात, त्यात चूक काहीच नाही. पण घेणाऱ्याच्या बाजूने बघा. ज्या घरात कमावता माणूस नाही, तिथे बेसन, तेल, खजूर, दूध पहिल्याच दिवशी लागतं. सत्ताविसाव्या रात्री पैसे मिळाले तर ती बाई महिनाभर उधारीवर चालवते आणि ईदला उधारी फेडते. वर्ष पूर्ण व्हायच्या थोडं आधी जकात दिली तरी ती अदा होते. म्हणून आम्ही निम्मी जकात शाबानच्या मध्यावरच देतो.

हिशेब असा. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा: साडेसात तोळे सोनं, ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ६१२.३६ ग्रॅम. थोडं सोनं, थोडी रोकड, थोडा दुकानातला माल असं मिश्र असेल, तर हनफी उलमा सहसा चांदीच्या किमतीवरून निसाब धरतात. रोकड, बँकेतली शिल्लक, विक्रीचा माल, येणं असलेले पैसे हे सगळं मिळवा, देणं असलेलं कर्ज वजा करा, उरलेल्यावर अडीच टक्के. तीन लाख उरले तर साडेसात हजार रुपये. राहतं घर, वापरती गाडी, शिलाई मशीन यांवर जकात नाही. अंगावर वापरायच्या दागिन्यांवर हनफींमध्ये आहे, शाफईंमध्ये नाही. आई-वडील, मुलं-नातवंडं यांना जकात देता येत नाही, पण गरजू भाऊ, बहीण, चुलत-मावस नातेवाईक यांना देता येते, आणि आधी त्यांच्याकडेच बघावं.

देताना किराण्याची पिशवी देण्यापेक्षा मी आता पैसेच देते. एका ओळखीच्या बाईने मला एकदा हळूच सांगितलं होतं, तिच्याकडे पाच ठिकाणांहून पाच पिशव्या आल्या, सगळ्यांत खजूर आणि शेवया, पण मुलाची फी भरायला हातात काही नव्हतं.

फित्रा वेगळा. तो ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे द्यायचा, त्याची रक्कम स्थानिक जमात दरवर्षी जाहीर करते.

चहा आणि झोप

पहिल्या तीन रोज्यांतली डोकेदुखी भुकेपेक्षा चहाची असते. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम बंद केला की दुपारपासून कपाळ ठणकायला लागतं. दहा-बारा दिवस आधी रोजचा एक कप कमी करा, मग प्रत्येक कप अर्धा करा, आणि सकाळचा चहा पुढे ढकलत ढकलत संध्याकाळवर आणा. रमजान लागेपर्यंत दीडच कप उरला पाहिजे, एक इफ्तारनंतर आणि अर्धा सहरीला. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांचंही तेच. रमजान हा ते सुटण्याचा सगळ्यात चांगला मौका आहे, पण आधीचे पंधरा दिवस कमी केलं असेल तरच तो साधतो.

झोपेचं गणित मांडा. इशा (रात्रीची नमाज) आणि तिच्यानंतरची रमजानातली खास नमाज तरावीह मिळून दहाच्या पुढेमागे होते. पावणेअकराला पाठ टेकली आणि साडेचारला उठायचं, तर पावणेसहा तास मिळतात. ते बसतात, जर तरावीहनंतर मोबाइल हातात घेतला नाही तर. दहा दिवस आधीपासून गजर रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा आणि उठून दोन रकात तहज्जुद (पहाटेआधीची ऐच्छिक नमाज) पढा. त्यामुळे पहिल्या सहरीला अंग जड होत नाही. जोहरनंतरची (दुपारच्या नमाजेनंतरची) वीस-तीस मिनिटांची झोप ही सुन्नतही आहे आणि औषधही. तासभर झोपलात तर मात्र डोकं जड होऊन असर सुस्तीत जाते.

स्वयंपाकघर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण वेळ इथेच जातो.

पहिलं काम, ठरवणं. आमच्या घरी इफ्तारला रोज खजूर, एक फळ, एक सरबत आणि एकच तळलेला किंवा शिजवलेला पदार्थ. बाकी जेवण मगरिबनंतर साधं. हे सगळ्यांनी मिळून शाबानमध्येच ठरवलं. सुरुवातीला पोरं कुरकुरली. पण रोज भजी, समोसे, कटलेट, चना असं सगळं करायचं म्हटलं की तीनपासून बाई ओट्याशी अडकते, आणि इतकं खाऊन तरावीहला कुणाला उभं राहवत नाही.

दुसरं, यादी. खजुराचं साधं गणित: माणशी रोज तीन, पाच माणसं रोजेदार, तीस दिवस, म्हणजे साडेचारशे खजूर. मध्यम आकाराचे असतील तर साडेतीन ते चार किलो लागतात. मऊ कीमिया फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर ते आंबतात. झाहिदीसारखे कोरडे खजूर डब्यात बाहेर टिकतात. एकदम पेटी आणण्याआधी पाव किलो आणून चाखा आणि दोन-चार फोडून आत कीड नाही ना ते बघा. बेसन, तेल, हरभरे, साबुदाणा, सब्जा, गूळ, चिंच हे रमजानच्या पंधरा दिवस आधी आणलं तर गर्दीही लागत नाही. माहेरून आमसूल आणि आगळ येतं. इफ्तारला लालभडक गोड सरबतापेक्षा आगळाचं पाणी, किंचित मीठ आणि जिरेपूड घालून, हे तहान खऱ्या अर्थाने भागवतं. रक्तदाबवाल्यांनी त्यात मीठ घालू नये.

तिसरं, फ्रीझरमधली कामं. रमजानचा चाँद दिसायच्या आधीच्या दोन रविवारांत हे बसवा.

आलं-लसणाचं वाटण पाणी न घालता, तेल आणि मीठ घालून वाटा. पाणी घातलं की ते हिरवट पडतं. हरभरे आणि छोले रात्रभर भिजवून, जरा कमीच शिजवून, एका वेळेला लागतील तेवढे पिशवीत भरा. कांदा तळून बिरिस्ता करून ठेवा. चिंच-खजूर-गुळाची चटणी आटवून काचेच्या बाटलीत भरली तर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे छान राहते.

समोसे करायचे असतील तर खिमा हे खरं काम. कढईत तो इतका कोरडा करायचा की उलथन्याने बाजूला सरकवला तर तळाला ओल दिसता कामा नये. माझी नणंद तळहातावर खिमा घेऊन मूठ दाबते आणि हात उघडून बघते, हाताला पाणी लागलं तर पुन्हा कढई चुलीवर. कांदा अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायचा, बारीक चिरून आणि पिळून, नाहीतर तो पाणी सोडतो आणि पट्टी फाटते. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. मैद्याच्या लईने टोक चिकटवताना तीनही कोपरे बोटाने दाबून बघा, कोपऱ्याला सुईएवढं भोक राहिलं तरी तेल आत शिरतं. मग ताटात एकमेकांना न चिकटतील असे मांडून ताट तसंच दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरा. तळताना बाहेर काढून वितळवत बसू नका, तसेच गोठलेले मध्यम तेलात सोडा.

वीज जास्त जाणाऱ्या गावात फ्रीझरवर एवढं अवलंबून राहू नका. तिथे कोरडी तयारी करा: भाजलेलं बेसन, थालीपिठाची भाजणी, भाजलेला रवा, मसाले. भाजणीचं थालीपीठ आणि दही ही माझी आवडती सहरी आहे. गिळायला जड नाही आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देते.

सहरीबद्दल एवढंच. ती टाळू नका, सहरीत बरकत आहे ही हदीस आहे. ज्वारीची भाकरी, अंडं, दही, डाळ, एखादं केळं. लोणचं, पापड, रात्रीची तिखट बिर्याणी नको, दिवसभर घसा कोरडा पडतो. पाणी सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर ढोसून काही उपयोग नाही, ते तासाभरात निघून जातं. इफ्तारला दोन ग्लास, मगरिबनंतर एक, तरावीहच्या आधी आणि नंतर दोन-दोन, सहरीला उठल्यावर एक आणि शेवटी एक, असं वाटून प्या.

गॅस बंद करायची वेळ

आता त्या वीस मिनिटांविषयी. आमच्या घरी नियम आहे की मगरिबच्या वीस मिनिटं आधी गॅस बंद. जे झालं ते झालं, राहिलं ते नमाजेनंतर. हा नियम चालावा म्हणून कामं रमजानच्या आधीच वाटून लिहावी लागतात, ऐन वेळी मदत मागत बसलं तर कुणी उठत नाही. फळं कापणं आणि दस्तरखान मांडणं मुलांकडे. सरबत यांच्याकडे. सब्जा पंधरा मिनिटं आधी भिजवायचा हेही यांना आता सांगावं लागत नाही. इफ्तारची भांडी तरावीहला जाण्याआधी मोठा मुलगा घासतो. सहरीला गजर झाल्यावर भाकरी गरम करणं एक दिवस माझ्याकडे, एक दिवस जावेकडे. ज्या दिवशी पाळी असते त्या दिवशी सहरीचं सगळं मी घेते, म्हणजे जावेला तहज्जुद मिळते, आणि तिच्या दिवसांत ती माझ्यासाठी करते.

पुरुषांना एक विनंती. मित्रांना इफ्तारला बोलवायचं असेल तर किमान तीन दिवस आधी घरात सांगा, आणि बाहेरून काय आणणार तेही सांगा. रोजेदाराला इफ्तार देण्याचा सवाब मोठा आहे, तो बाईच्या पाठदुखीवर मिळवू नका.

कुराण

पंधरा ओळींच्या मुसहफात (कुराणाच्या प्रतीत) एक पारा, म्हणजे कुराणाचा तिसावा भाग, साधारण वीस पानांचा. पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की रोज एक पारा होतो आणि महिन्यात एक खतम, म्हणजे पूर्ण वाचन. पण वर्षभर न वाचलेली जीभ पहिल्या दिवशी वीस पानं वाचत नाही. शाबानमध्ये रोज दोन पानांनी सुरुवात करा, आठवड्याने चार. ज्यांना अरबी अडखळत येतं त्यांनी पाव पारा रोज, पण नीट, असं ठरवावं. सोबत मराठी तर्जुमा जरूर ठेवा. मी अरबी लहानपणापासून वाचत आले, पण सूरह बकराच्या रोज्यांच्या आयती मराठीत वाचल्या तेव्हा पहिल्यांदा समजलं की त्यांच्या मधोमध दुआची आयत आहे, मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला उत्तर देतो, असं सांगणारी. मी मराठीत समजावत असताना माझी लेक ऐकते, ते मला खतमाइतकंच मोलाचं वाटतं.

पाळीच्या दिवसांत काय करायचं तेही आधी ठरवा, नाहीतर ते सहा-सात दिवस नुसते कामात जातात. तसबीह, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), दुआ, कुराण ऐकणं यांना आडकाठी नाही.

शाळा, नोकरी, शेत

दहावी-बारावीचं मूल असेल तर आधी त्याच्याशी बसून बोला. रोजा धरणार म्हणालं तर सहरीला पोटभर प्रथिनं, परीक्षेला जाताना उन्हातून सायकल नको, घरी आल्यावर झोप, आणि अभ्यास फजरनंतर, डोकं ताजं असताना. लहान मुलांचा पहिला रोजा शनिवार-रविवारी ठेवा, आणि दुपारी रडवेलं झालं तर सोडवा.

नोकरीत साहेबांना आठवडाभर आधी सांगा की महिनाभर संध्याकाळी या वेळेला मला निघावं लागेल, त्याऐवजी सकाळी लवकर येईन. शिफ्टवर असाल तर डब्यात तीन खजूर आणि पाण्याची बाटली कायम असू द्या. ऊसतोड, गवंडीकाम, हमाली करणाऱ्यांनी जड काम सकाळी उरकावं. तरीही चक्कर येऊन जीवावर बेतेल असं झालं तर रोजा सोडून नंतर पुरा करावा.

शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. पहाटे भांड्यांचा आवाज होतो, त्याबद्दल आधी जाऊन बोललेलं बरं. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद होती. समोरच्या काकूंकडून श्रीखंड आलं, ते आम्ही इफ्तारला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचं पातेलं त्यांच्याकडे गेलं.

शेवटचे दोन दिवस

ईदचे कपडे आणि शीरखुर्म्याचा सुका मेवा शाबानमध्येच घ्या. शेवटच्या दहा रात्री बाजारात घालवायच्या नाहीत. लैलतुल कद्र, म्हणजे रमजानातली सगळ्यात मोलाची रात्र, त्याच रात्रींमध्ये, एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस यांतच शोधायची असते. घरातलं कुणी एतिकाफला (मशिदीत मुक्काम करून इबादतीला) बसणार असेल तर त्याची रजा, अंथरूण, डबा कोण नेणार हेही आत्ताच ठरवा.

शाबानच्या अठ्ठाविसाव्या दिवशी जानमाज आणि दुपट्टे धुऊन घ्या. गॅसची जादा टाकी भरलेली आहे ना, औषधांचा महिन्याचा साठा आहे ना, साखर मोजायच्या पट्ट्या मुदतीतल्या आहेत ना, ते बघा. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांना फोन करा. हे काम मी सगळ्यात शेवटी ठेवते, कारण ते सगळ्यात अवघड जातं. पण मनात गाठ ठेवून पहिल्या तरावीहला उभं राहवत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या आधी सहरीची डाळ भिजत घाला, दही लावा, भाकरीचं पीठ चाळून ठेवा. चाँद दिसला नाही तर तेच दुसऱ्या दिवशी जेवणात जाईल. दिसला, तर तुमचं स्वयंपाकघर आवरलेलं असेल. वझू करा (नमाजेआधी धुतात तसे हात-पाय-तोंड धुवा), अम्मींना हाताला धरून गच्चीवर न्या, आणि पोरांबरोबर उभ्या राहून चाँद बघितल्याची दुआ मागा.